कांडी

दवाखान्यातल्या फॉर्मवर जात विचारली होती.
मी लिहिलं: लहान.
कंपाउंडर हसला, म्हणाला, तसं नव्हं अक्का, ब्रीड, ब्रीड.
आणि माझा शब्द खोडून त्यानंच लिहिलं,
मिक्स.

अर्धी कॅम्पातल्या कुठल्याशा साहेबाच्या पॉमेरियनची,
उरलेली आमच्या वडगावची.
म्हणजे कान उभा, पण एकच.
शेपूट भरघोस,
पाय मात्र उसने आणल्यासारखे.
मागाखालच्या सुतकचऱ्यात सापडली तेव्हा
भरल्या कांडीहून थोडी मोठी होती.
यांनी उचलून खिशात घातली
आणि पाळी पुरी केली.

स्वभाव म्हणाल तर,
चार पॉवरलूम खडाडत असताना ही गाढ झोपायची.
लाईट गेली की दचकून उठायची
आणि शांततेवर भुंकायची.
पोस्टमनवर नाही, गॅसवाल्यावर नाही,
बसलिंगव्वाच्या कोंबड्यांवर तर नाहीच,
त्यांना ती भिते.
'ये' म्हटलं की विचार करते,
'बा' म्हटलं की येते,
'नको' आणि 'ब्याड'
दोन्ही तिला सारखंच ऐकू येत नाही.

गेल्या दिवाळीनंतर माग विकले.
किलोवर, भंगाराच्या भावानं.
टेम्पो वळला तरी ती
फरशीवरच्या तेलाच्या चार डागांभोवती
वास घेत फिरत राहिली.
त्या रात्री तिघंही जागे.
दुसऱ्या रात्रीही.
तिसऱ्या दिवशी यांनी जुन्या टेबलफॅनच्या जाळीत
पुठ्ठ्याचा तुकडा अडकवला.
खटखट खटखट खटखट.
पाच मिनिटांत दोघं घोरायला लागले,
ही आणि हे.

श्रावणात खोकू लागली.
घशात हाडूक अडकल्यासारखी, मान लांब करून.
बसलिंगव्वा म्हणाली, हळद चाटव.
डॉक्टर हंचिनाळबाईंनी आधी दात बघितले, मग हिरड्या,
मग छातीवर नळी लावून बराच वेळ गप्प बसल्या.
शेवटी ती नळी माझ्या कानात घातली.
माझा डावा कान मागांनी केव्हाच नेलाय.
उजव्यानं ऐकलं:
खटक् खटक्,
आणि मधेच एक फुसका आवाज,
धोटा पलीकडे न पोचता
अर्ध्यातून परत फिरावा तसा.
झडप नीट मिटत नाही, बाई म्हणाल्या,
लहान कुत्र्यांना वय झालं की होतं.
दुरुस्ती?
नाही. सांभाळायचं.
हे मला कळलं.
आमचे माग शेवटची सहा वर्षं तसेच चालवले होते.

सकाळी अर्धी गोळी, संध्याकाळी अर्धी.
इडलीत घातली तर इडली खाते
आणि गोळी धुतल्यासारखी स्वच्छ करून
माझ्या पायाशी ठेवते.
अंड्याच्या बलकात मात्र फसते अजून.
गळ्यात पट्टा नाही, छातीला बांधायचा.
चढाचा रस्ता नको, जाडी वाढायला नको.
मीठ नाही, पापड नाही, कुंदा तर नाहीच.
हे यांना चार वेळा सांगितलं.
पाचव्यांदा स्वयंपाकघरात
दोघंही तोंड पुसताना सापडले.

आणि झोपली की श्वास मोजायचे.
मिनिटाला तीसच्या वर गेले तर फोन करा,
रात्र असली तरी.

मोजण्याचं मला काही नाही.
इंचात आडवे धागे किती,
भिंग लावून जन्मभर मोजलेत.
पण नीट मोजायचं तर पंखा बंद हवा,
आणि पंखा बंद केला की
ती उठते.
म्हणून आता बरगड्यांवर तळवा ठेवते,
दुसऱ्या हातात यांचं घड्याळ.
बावीस. चोवीस. एकदा सत्तावीस, तेव्हा घाम फुटला.
गंमत म्हणून यांचेही मोजले. सोळा.
कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाखाली
रोज एक आकडा लिहिते.
दूधवाल्यानं परवा विचारलं, हे कसलं माप?

काल अकराला लाईट गेली.
एकोणीसवर होते.
पुठ्ठा थांबला. ती उठली,
अंधाराकडे बघून दोनदा भुंकली,
खोकली,
मग माझ्या हातावरच भुंकली.
नंतर त्याच हातावर हनुवटी टेकली.

आकडा चुकला.
पुन्हा एकपासून.